कलासमेकित अध्ययन आणि शिक्षकांचे प्रशिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि डी.एल.एड.चे विद्यार्थी प्रशिक्षणाच्या आधी आणि नंतर जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातील प्राथमिक व उच्च प्राथमिक वर्गांतील आहेत.

कलासमेकित अध्ययन म्हणजे नेमके काय? चित्रकलेच्या तासापेक्षा ते वेगळे कसे?

चित्रकलेच्या तासाला मूल चित्रकला शिकते. रेषा, रंग, रचना आणि निरीक्षण ही त्या तासाची उद्दिष्टे असतात आणि ती स्वतंत्रपणे मोलाची आहेत. कलासमेकित अध्ययनात गणित, भाषा, परिसर अभ्यास किंवा इतिहास यांतील एखादी संकल्पना समजून घेण्याचे काम मूल चित्र, संगीत, नाट्य, नृत्य किंवा हस्तकलेतून करते. तेथे विषयाचे आणि कलेचे अशी दोन उद्दिष्टे एकाच कृतीत गुंफलेली असतात आणि दोन्हींकडे शिक्षकाचे लक्ष असावे लागते.

पाठ शिकवून झाल्यावर शेवटची दहा मिनिटे ‘आता याचे चित्र काढून रंगवा’ असे सांगणे म्हणजे कलासमेकित अध्ययन नव्हे. मुलांना त्यात आनंद मिळत असेल, परंतु पाठ समजण्याचे काम आधीच झालेले किंवा राहून गेलेले असते आणि चित्राचा त्याच्याशी संबंध उरत नाही. कृती पारखण्यासाठी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : यातील कला काढून घेतली तर संकल्पना समजण्यात काही उणीव राहील का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती कला केवळ सजावट आहे.

एखादे उदाहरण सविस्तर सांगाल का?

उच्च प्राथमिक वर्गात लसावि शिकवताना येणारी अडचण सर्व गणित शिक्षकांच्या परिचयाची आहे. मुले उभ्या मांडणीने भागाकार करून उत्तर काढतात, पण लसावि म्हणजे काय ते त्यांना सांगता येत नाही आणि पुष्कळ मुले दोन संख्यांचा सरळ गुणाकार करून मोकळी होतात.

वर्गाचे दोन गट करावेत. पहिल्या गटाने दादरा हा ताल धरावा, म्हणजे सहा मात्रा मोजून दर पहिल्या मात्रेला टाळी द्यावी. दुसऱ्या गटाने केहरवा हा ताल धरावा, म्हणजे आठ मात्रा मोजून पहिल्या मात्रेला बाकावर थाप द्यावी. दोन्ही गटांनी एकाच क्षणी, एकाच लयीत सुरुवात करायची आणि एका मुलाने फळ्यावर प्रत्येक मात्रेला एक रेघ ओढत जायची. सुरुवात करण्यापूर्वी मुलांना अंदाज विचारावा की टाळी आणि थाप पुन्हा एकत्र कधी येतील. बहुतेकांचे उत्तर ‘अठ्ठेचाळीस मात्रांनंतर’ असे असते, कारण सहा गुणिले आठ. प्रत्यक्षात चोवीस मात्रा पूर्ण झाल्या की पंचविसाव्या मात्रेला टाळी आणि थाप एकत्र वाजतात. तोवर दादऱ्याची चार आणि केहरव्याची तीन आवर्तने झालेली असतात. अठ्ठेचाळीस हाही सामाईक विभाज्य आहे, पण सर्वांत लहान नाही, हे मुलांनी आपल्या कानांनी ऐकलेले असते. यानंतर सात मात्रांचा रूपक आणि सहा मात्रांचा दादरा घ्यावा. येथे बेचाळीस मात्रांपर्यंत थांबावे लागते आणि ‘या वेळी गुणाकारच का आला?’ हा प्रश्न मुलेच विचारू लागतात. त्या प्रश्नापाशी शिक्षकाने खडू हातात घ्यावा आणि अवयव मांडून दाखवावेत.

या कृतीत मुले लय सांभाळायला शिकतात, दुसऱ्या गटाचा ताल ऐकू येत असताना आपला ताल न सोडण्याची सवय लावून घेतात आणि लसावि समजून घेतात. टाळ्या काढून टाकल्या तर गुणाकाराचा चुकीचा अंदाज मोडायला दुसरे काही उरत नाही. म्हणून येथे कला पाठाचा भार वाहते असे म्हणता येते.

ही कल्पना अलीकडच्या धोरणातून आली आहे का?

धोरणाने तिला अधिकृत स्थान दिले, पण कल्पना जुनी आहे आणि तिचा एक महत्त्वाचा धागा महाराष्ट्रातच आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला झालेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची मांडणी पुढे आली. सूतकताई, शेती, सुतारकाम अशा हातांच्या कामातून इतर विषय शिकवावेत हा तिचा गाभा होता. रवींद्रनाथ ठाकुरांच्या शांतिनिकेतनात कलाभवनात शिकलेले देवी प्रसाद हे पुढे १९४० च्या दशकात सेवाग्रामला आले आणि तेथील मुलांबरोबर कलाशिक्षणाचे काम त्यांनी अनेक वर्षे केले. याच काळात ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते काम कोसबाडच्या वारली वस्त्यांमध्ये गेले आणि अनुताई वाघ यांनी ते वाढवले. परिसरातील पाने, बिया, शंख, माती, गाणी आणि गोष्टी यांतून बालशिक्षणाचे साहित्य उभे करण्याची त्यांची रीत आजच्या प्रशिक्षणार्थींनी मुद्दाम अभ्यासावी, अशी आमची आग्रहाची सूचना असते.

धोरणाच्या बाजूने पाहता, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने कलांना शालेय शिक्षणात ठोस जागा मागितली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कलासमेकनाचा उल्लेख सर्व विषयांना लागू होणारी अध्यापनपद्धती म्हणून केला. शालेय शिक्षणासाठीच्या २०२३ च्या आराखड्यात कलाशिक्षण हे स्वतंत्र अभ्यासक्षेत्र म्हणूनही मांडलेले आहे. हे दोन्ही सोबत असणे आवश्यक आहे. कलासमेकन आले म्हणून कलेचा स्वतंत्र तास काढून टाकणाऱ्या शाळा धोरणाचा उलटा अर्थ लावतात.

मला चित्र काढता येत नाही आणि गाताही येत नाही. मी हे प्रशिक्षण घेऊ शकतो का?

होय. हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षणात येतो आणि त्यामागची भीती खरी असते. अनेक शिक्षकांनी कागदावर रेघ ओढणे स्वतःच्या शाळेतल्या दिवसांनंतर थांबवलेले असते आणि ‘तुझा हात चांगला नाही’ हे तेव्हाचे शब्द त्यांच्या मनात घर करून असतात. वर्गात शिक्षकाला कलाकार असण्याची गरज नसते. मात्र मातीला हात लावण्याची, बेसूर का होईना पण मुलांबरोबर गाण्याची आणि मुलाचे काम पाहून ‘सुंदर’ एवढेच न म्हणता ‘तू हे झाड घरापेक्षा मोठे का काढलेस?’ असे विचारण्याची तयारी लागते. उलट, ज्यांचा हात उत्तम चालतो अशा शिक्षकांना एक वेगळीच सवय सोडावी लागते. ते फळ्यावर देखणे चित्र काढून दाखवतात आणि चाळीस मुले त्याची नक्कल करतात.

प्रशिक्षणात नेमके काय करून घेतले जाते?

चांगल्या प्रशिक्षणाचा पहिला भाग पूर्णपणे शिक्षकांच्या स्वतःच्या कलाकृतीचा असतो. व्याख्यान आणि सादरीकरण नंतर येते. चिकणमाती, कोळसा, गेरू, वर्तमानपत्रे, पानेफुले घेऊन शिक्षक काम करतात, छोटे प्रसंग बसवतात आणि ओव्या, बडबडगीते, भारुडे आठवून म्हणतात. मूल कृती करताना जे अनुभवते, म्हणजे आरंभीचा संकोच, मध्येच लागणारी तंद्री, शेजाऱ्याचे पाहून वाटणारी असूया आणि वेळ संपल्यावरची हुरहुर, ते शिक्षकाने स्वतः अनुभवल्याशिवाय त्याला वर्गाची आखणी जमत नाही. प्रशिक्षणाचा हाच भाग वेळ नाही म्हणून सर्वांत आधी कापला जातो आणि त्याचे नुकसान पुढच्या सर्व भागांना भोगावे लागते.

दुसऱ्या भागात कृतीची चिकित्सा होते. उदाहरणार्थ, शिक्षकांच्या गटाला ठिपक्यांची रांगोळी काढायला सांगितली जाते : मधल्या ओळीत सात ठिपके आणि वर-खाली पाच, तीन, एक. रांगोळी पूर्ण झाल्यावर एकच प्रश्न ठेवला जातो, यात गणित कोठे आहे? प्रथम उत्तर येते, ‘सममिती’. ते बरोबर आहे, पण तेथे थांबू देऊ नये. एकूण ठिपके पंचवीस कसे झाले ते मोजायला लावले की कोणीतरी वरून सुरुवात करते : एक, तीन, पाच, सात मिळून सोळा, म्हणजे चाराचा वर्ग. उरलेले पाच, तीन, एक मिळून नऊ, म्हणजे तिनाचा वर्ग. मधली ओळ नऊ ठिपक्यांची घेतली तर काय होईल, हे मग कोणी सांगावे लागत नाही. क्रमाने येणाऱ्या विषम संख्यांची बेरीज वर्गसंख्या होते, हा नियम अंगणातल्या रांगोळीतून बाहेर पडताना पाहिला की ‘कला आणि गणित कसे जोडायचे?’ हा प्रश्न पुन्हा विचारला जात नाही. त्याच रांगोळीतून चौथीच्या मुलांनी काय शोधावे आणि सातवीच्या मुलांनी काय, याचीही येथे चर्चा होते.

तिसऱ्या भागात शिक्षक आपल्याच पाठ्यपुस्तकातील एक घटक निवडतात, मुले त्यात नेमकी कोठे अडखळतात ते लिहितात आणि त्या अडखळण्याच्या जागेसाठी कलेची कृती आखतात. ‘या पाठात नाटक घालता येईल का?’ अशी सुरुवात केली की आखणी फसते. अडचण आधी आणि कला नंतर, हा क्रम पाळला पाहिजे. शेवटी सहकाऱ्यांसमोर पाठ घेतला जातो आणि त्यावर मोकळी चर्चा होते.

प्रशिक्षण किती दिवसांचे असावे?

दिवसांपेक्षा पाठपुराव्याला अधिक महत्त्व आहे. सभागृहात सलग पाच दिवस बसून परत गेलेला शिक्षक पहिल्या आठवड्यात उत्साहाने एक-दोन कृती घेतो. पुढे घटक चाचणी येते, माहितीचे तक्ते भरायचे येतात आणि जुनी पद्धत परत येते. म्हणून तीन दिवसांचे आरंभीचे प्रशिक्षण, त्यानंतर सुमारे सहा आठवडे वर्गातील प्रयोग आणि मग पुन्हा दोन दिवस एकत्र येऊन मुलांच्या कामांवर चर्चा, अशी विभागणी आम्हाला अधिक उपयोगी वाटते. मधल्या काळात केंद्रस्तरीय, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत प्रत्येकाने एक कृती आणि तीत आलेली एक अडचण मांडावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. त्यातील काही तास या कामाला दिले तर वेगळ्या तरतुदीची गरज पडणार नाही.

शाळेत कलाशिक्षक असतील तर वर्गशिक्षकाने हे का करायचे?

कारण विषयातील संकल्पना वर्गशिक्षकाला ठाऊक असते आणि कलेचे माध्यम कलाशिक्षकाला. दोघांनी एकत्र बसून पाठ आखणे हे आदर्श आहे आणि ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका झालेले शिक्षक असलेल्या माध्यमिक शाळांत ते सहज शक्य आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक विद्यार्थी असतील तेथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. याचा अर्थ वाडीवस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत कलाशिक्षक मिळणार नाही. त्या शाळेतल्या मुलांपर्यंत कला पोहोचवणारी व्यक्ती वर्गशिक्षकच आहे आणि म्हणून प्रशिक्षणात त्या शिक्षकांना प्राधान्य मिळाले पाहिजे.

यात फार वेळ जातो. अभ्यासक्रम कसा पूर्ण होणार?

प्रत्येक पाठ अशा पद्धतीने घ्यावा असे कोणीही म्हणत नाही. एका सत्रात प्रत्येक विषयातील दोन किंवा तीन अवघड घटक निवडावेत. लसाविची वर सांगितलेली कृती एका तासिकेत होते, आणि एरवी त्याच घटकाच्या उजळणीला जाणारा वेळ पाहिला तर तो खर्च महाग नाही. नाट्यीकरणाला अधिक वेळ लागतो हे मान्य केले पाहिजे. त्यासाठी भाषा आणि इतिहास यांच्या लागोपाठच्या तासिका जोडून घ्याव्यात. वेशभूषा आणि पाठांतर यांच्या मागे लागू नये. स्नेहसंमेलनातील नाटक आणि वर्गातील नाट्यीकरण यांची गल्लत झाली की वेळ हाताबाहेर जातो.

स्थानिक लोककला वर्गात कशा आणाव्यात?

आदराने आणि कलाकारांसह. वारली चित्रांचे उदाहरण घ्या. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून काढले आणि डोके म्हणून एक वर्तुळ दिले की वारली चित्र झाले, असे मानून वहीच्या कडेला पट्टी काढून घेणे ही सर्वत्र दिसणारी प्रथा आहे. प्रत्यक्षात लग्नाच्या वेळी घराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे विधीचे चौकोनी चित्र, लिहिण्याचा मान सवाशिणींचा आहे. त्या चौकात पालघट देवी असते आणि ते चित्र विधीचा भाग असते. जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकापासून ही कला कागदावर आणून जगभर पोहोचवली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे सर्व मुलांना सांगितल्यावर, तारपा नृत्याच्या चित्रातील वर्तुळाकार रचना, शेतीच्या कामांचा वर्षभराचा क्रम, चित्रात दिसणारे प्राणी आणि झाडे यांतून परिसर अभ्यासाचे कितीतरी घटक शिकवता येतात. पालघर किंवा डहाणूच्या शाळेत तर वर्गातल्याच एखाद्या मुलाची आजी हे शिकवू शकते. तिला शाळेत सन्मानाने बोलवावे, तिच्या वेळेचे मानधन द्यावे आणि ती बोलत असताना शिक्षकाने मुलांसोबत खाली बसावे.

सिंधुदुर्गातील कुडाळ तालुक्यात पिंगुळीचे ठाकर कलाकार चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपत आहेत. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीत एकामागून एक चित्र समोर धरून वाद्यांच्या साथीने कथा गायली जाते. वर्गासाठी हा आकृतिबंध अत्यंत सोयीचा आहे. गावातील विहिरीची, धरणात गेलेल्या जुन्या गावाची किंवा १९७२ च्या दुष्काळाची हकिकत मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावी, तिचे सात-आठ चित्रांत तुकडे पाडावेत आणि क्रमाने सांगावी. कोणता प्रसंग चित्रात घ्यायचा आणि कोणता नुसता बोलायचा, हे ठरवताना मुले घटनाक्रम आणि कार्यकारणभाव शिकत असतात. मात्र पारंपरिक चित्रकथीची नक्कल करून तिलाच चित्रकथी म्हणू नये. आकृतिबंध कोणाकडून घेतला ते मुलांना माहीत असले पाहिजे.

मूल्यमापन कसे करायचे? चित्राला गुण द्यायचे का?

चित्र किती सुबक आहे याला गुण देऊ नयेत. आकारिक मूल्यमापनात शिक्षक वर्णनात्मक नोंदी करतातच, त्यांना थोडी धार द्यावी लागते. ‘कृतीत उत्साहाने सहभागी होतो’ ही नोंद कोणत्याही मुलाला लागू पडते आणि म्हणून तिचा उपयोग होत नाही. ‘केहरव्याची आवर्तने मोजताना चौथ्या आवर्तनात चुकला, स्वतःच थांबून पुन्हा सुरुवात केली, बारा आणि आठ या संख्यांसाठी सामाईक विभाज्य कोणी न सांगता शोधला’ ही नोंद त्या मुलाविषयी काही सांगते. प्रत्येक कृतीत पाच-सहा मुलांचीच नोंद घ्यावी आणि पुढच्या वेळी दुसरी मुले निवडावीत. सर्व मुलांची सर्व नोंद एकाच दिवशी करण्याच्या प्रयत्नात शिक्षक कृतीपासून दूर जातो. मुलांची कामे तारीख घालून जपून ठेवावीत, कारण जून आणि फेब्रुवारी यांतील कामे शेजारी ठेवल्यावर पालकांशी फार बोलावे लागत नाही.

साहित्याचा खर्च कोठून करायचा?

बहुतेक कृतींना खर्च नाही. गेरू, चुना, कोळसा, हळद, पळसाची फुले, चिकणमाती, जुनी वर्तमानपत्रे, सुतळी आणि पुठ्ठे एवढ्यावर वर्ष निघते. बाजारातून आणलेल्या थर्माकोल आणि चमकीच्या प्रकल्पांना कलासमेकित अध्ययनात जागा असू नये. ते बहुधा पालक करून देतात.

बहुवर्ग शाळेत हे जमेल का?

अधिक चांगले जमते. एकच रांगोळी पहिलीचे मूल ठिपके मोजण्यासाठी, तिसरीचे मूल आकार ओळखण्यासाठी आणि पाचवीचे मूल सममितीचे अक्ष शोधण्यासाठी वापरू शकते.

दिव्यांग विद्यार्थ्यांचा सहभाग कसा साधावा?

कृती आखतानाच एकाहून अधिक इंद्रियांचा विचार केला तर वेगळी सोय करावी लागत नाही. दृष्टिबाधित मूल मातीत उठावाचा नकाशा करू शकते आणि सुतळी चिकटवलेल्या रेषांवरून बोट फिरवून नदीचा मार्ग सांगू शकते. तसा नकाशा डोळस मुलांनाही अधिक समजतो. कर्णबधिर मुलाला तालाच्या कृतीत बाकावर तळहात ठेवून थाप जाणवते आणि फळ्यावर मात्रांच्या रेघा ओढण्याचे काम त्याला देता येते. मूकनाट्यात तर ते मूल इतरांना शिकवू शकते. प्रशिक्षणात शिक्षकांनी डोळे बांधून मातीकाम करावे, म्हणजे सूचना कशा द्याव्यात हे त्यांच्या लगेच लक्षात येते.

प्रशिक्षण कोठे मिळते?

केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाशी संलग्न असलेले सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र, म्हणजे सीसीआरटी, १९७९ पासून सेवेतील शिक्षकांसाठी निवासी अभ्यासक्रम घेते. शिक्षणात बाहुलीनाट्याचा उपयोग आणि हस्तकला कौशल्ये हे त्याचे विशेष विषय आहेत. त्याचे मुख्यालय नवी दिल्लीत असून उदयपूर, हैदराबाद आणि गुवाहाटी येथे प्रादेशिक केंद्रे आहेत. एनसीईआरटीने २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘निष्ठा’ या शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमात कलासमेकित अध्ययनाचा घटक समाविष्ट केला आणि पुढे तो दीक्षा व्यासपीठावर ऑनलाइन उपलब्ध झाला. ऑनलाइन घटकातून संकल्पना समजते, पण हातांनी काम केल्याचा अनुभव त्यातून मिळत नाही, हे लक्षात घेऊन त्याला केंद्रस्तरावर प्रत्यक्ष कृतीची जोड द्यावी. महाराष्ट्रात पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, यांच्याकडे चौकशी करावी. सीबीएसईच्या शाळांत २०२०-२१ पासून पहिली ते दहावीसाठी कलासमेकित प्रकल्प आवश्यक करण्यात आला आणि त्यात ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ उपक्रमातील जोडीदार राज्याच्या कलेचा समावेश अपेक्षित होता. महाराष्ट्राचे जोडीदार राज्य ओडिशा असल्याने येथील मुलांनी तेथील पट्टचित्र या पारंपरिक चित्रकलेचा अभ्यास केला तर तो चित्रकथीशी ताडून पाहण्याची चांगली संधी आहे.

वर्गात गोंगाट होतो, अशी तक्रार येते. काय करावे?

मुख्याध्यापकांना एका कृतीला पूर्ण वेळ बसण्याची विनंती करावी आणि कृतीचे विषयातील उद्दिष्ट त्यांना आधी लिहून द्यावे. शेजारच्या वर्गाला त्रास होत असेल तर तालाची कृती मैदानात किंवा झाडाखाली घ्यावी. शिक्षकाने कृती सुरू होण्यापूर्वी थांबण्याची एक खूण, उदाहरणार्थ एक विशिष्ट टाळी, मुलांशी ठरवून घ्यावी. ही साधी गोष्ट प्रशिक्षणात शिकवली पाहिजे. ती न शिकवल्यामुळे चांगल्या कृती सोडून दिल्या जातात.

प्रशिक्षण मिळण्याआधी सुरुवात करता येईल का?

करता येईल. पुढच्या महिन्यात शिकवायचा एकच घटक निवडा आणि मागील वर्षीच्या उत्तरपत्रिका किंवा वह्या काढून मुले त्यात कोठे चुकली ते पाहा. त्या एका चुकीसाठी वीस मिनिटांची कृती आखा, ती आधी घरी स्वतः करून पाहा आणि मग वर्गात घ्या. दुसऱ्या दिवशी त्याच घटकावर दोन प्रश्न विचारा, उत्तरे जपून ठेवा आणि पुढच्या शिक्षण परिषदेला ती सोबत न्या.